मालक स्वतःच्याच कंपनीचे शेअर उचलतोय, मग आपणही घ्यायचे का?

साताऱ्याचा_सुम्या:

राम राम मंडळी, एक शंका आहे. मी एक स्मॉलकॅप (छोटी लिस्टेड कंपनी) बघतोय, नाव सांगत नाही नाहीतर लोक म्हणतील टिप द्यायला आला, गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी आहे, वरच्या भावापासून चाळीसेक टक्के आपटलीय आणि रिझल्ट पण काही फार भारी नाहीत. पण आमच्या टेलिग्राम ग्रुपवर रोज 'प्रमोटर बाईंग अलर्ट' म्हणून तिचं नाव येतंय, मालक घेतोय, मालकाची बायको घेतेय, त्यांची ती एक प्रायव्हेट लिमिटेड आहे ती पण घेतेय. ग्रुपचा ॲडमिन म्हणतो मालकाला आतलं सगळं माहीत असतं, तो काय येडा आहे का स्वतःचा पैसा घालायला. ऐकायला पटतं राव. पण मग एवढं सोपं असतं तर सगळ्यांनीच एक्स्चेंजच्या साइटवर बसून मालकाच्या मागं मागं खरेदी केली असती की. तर प्रश्न असा की इन्सायडर खरेदीवरून, म्हणजे कंपनीतल्या आतल्या माणसांच्या खरेदीवरून, पुढचा भाव कळतो का, कुणी नीट बघितलंय का हे? आणि हे इन्सायडर ट्रेडिंग म्हणजे गुन्हा ना, मग उघड उघड जाहीर कसं करतात?

निफ्टीवाला_नाना:

सुम्या, शेवटचं आधी. आतली न फुटलेली बातमी हातात ठेवून व्यवहार केला तर गुन्हा. नुसता स्वतःच्या कंपनीचा शेअर घेणं हा गुन्हा नाही, फक्त ते कळवावं लागतं. नाव एकच पडलंय म्हणून सगळ्यांचा गोंधळ होतो.

आता मुद्द्याचं. माझी सगळी हयात ब्रोकरच्या ऑफिसात गेली, तेव्हापासून एक गोष्ट बघतोय, घेण्याला अर्थ असतो, विकण्याला असेलच असं नाही. विकायला माणसाला हजार कारणं, पोरीचं लग्न, घर, टॅक्स, भावाभावात वाटण्या, नाहीतर सरकारी नियम. जून २०२० मध्ये उदय कोटकांनी स्वतःच्या कोटक महिंद्रा बँकेचे जवळपास ६९०० कोटींचे शेअर विकले, का, तर रिझर्व्ह बँकेनं हिस्सा २६ टक्क्यांवर आणायला सांगितला होता म्हणून. त्यात बँकेबद्दल काय कळलं? शून्य. इंडिगोचे राकेश गंगवाल फेब्रुवारी २०२२ मध्ये बोर्डावरून उतरले आणि म्हणाले पुढच्या पाच वर्षांत हिस्सा हळूहळू कमी करणार, कारण सहसंस्थापकाशी बिनसलं होतं. ते विकत गेले आणि शेअर चढत गेला, २०२२ ला दोन हजाराच्या आसपास होता तो २०२४ मध्ये चार हजाराच्या वर. प्रमोटर पळतोय म्हणून ज्यांनी तेव्हा विकला ते बसले हात चोळत.

घ्यायला मात्र कारण एकच असतं, भाव वाढेल असं वाटणं. म्हणून मी म्हणेन तुझा ॲडमिन अर्धा तरी बरोबर आहे.

कोथरूडची_सीएस:

नाना, घ्यायला कारण एकच असतं हे वाक्य सगळे म्हणतात पण ते तितकंसं खरं नाही हो. मी लिस्टेड कंपनीत कंपनी सेक्रेटरी आहे, ही फायलिंग्ज (एक्स्चेंजला कळवायचे कागद) माझ्याच टेबलावरून जातात, म्हणून जरा सविस्तर लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

नियम सेबीचे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेचे, २०१५ चे. प्रमोटर, प्रमोटर ग्रुपमधलं कुणी, डायरेक्टर किंवा डेझिग्नेटेड पर्सन (आतली माहिती हाताशी असते म्हणून कंपनीनं यादीत घातलेला माणूस) यांनी एका तिमाहीत मिळून १० लाखांच्या वर व्यवहार केला की दोन ट्रेडिंग दिवसांत कंपनीला कळवायचं आणि कंपनीनं पुढच्या दोन ट्रेडिंग दिवसांत एक्स्चेंजला. म्हणजे सोमवारी घेतलेले शेअर तुम्हाला कधीकधी शुक्रवारी दिसणार. आता बरंचसं डिपॉझिटरीकडून (डिमॅट खाती सांभाळणारी संस्था) आपोआप जातं त्यामुळे लवकर दिसतं, पण तुमच्या टेलिग्रामवर येईपर्यंत पाणी बरंच वाहून गेलेलं असतं.

सुम्या, पहिलं काम हे कर. एनएसई किंवा बीएसईच्या साइटवर त्या कंपनीच्या नावानं इन्सायडर ट्रेडिंगची फायलिंग्ज उघड आणि 'मोड ऑफ ॲक्विझिशन' हा कॉलम बघ. अलर्टवाले तो बघतच नाहीत. त्यात मार्केट पर्चेस लिहिलं असेल तर खिशातून पैसा गेला. ईसॉप (कंपनीनं कर्मचाऱ्याला दिलेले शेअर) असेल तर पगाराचाच भाग, त्याला खरेदी म्हणणं म्हणजे थट्टा आहे. इंटर-से ट्रान्स्फर असेल तर नवऱ्याच्या खात्यातून बायकोच्या खात्यात किंवा बायकोच्या खात्यातून घरच्या प्रायव्हेट लिमिटेडमध्ये, घरातल्या घरात, बाहेरून एक रुपया आलेला नाही. गिफ्ट, वारसा, ऑफ मार्केट हे सगळं त्याच यादीत येतं आणि अलर्टच्या सॉफ्टवेअरला सगळंच हिरवं दिसतं. तू जे लिहिलंस ना, मालक, बायको, कंपनी सगळेच घेतायत, ते वाचून मला आधी हीच शंका आली.

प्रेफरेन्शियल वॉरंट, म्हणजे ठरलेल्या भावानं नंतर शेअर घ्यायचा हक्क, हा आणखी एक प्रकार. त्यात प्रमोटर सुरुवातीला २५ टक्के भरतो आणि उरलेले भरायला १८ महिने असतात. भाव वाढला तर पैसे भरून शेअर घेतो, पडला तर २५ टक्के सोडून देतो. अदानी समूहानं सप्टेंबर २०२२ मध्ये अंबुजा सिमेंटमध्ये २०,००० कोटींच्या वॉरंटचं जाहीर केलं, ऑक्टोबरात कंपनीच्या हातात ५००० कोटी आले, बाकीचे मार्च आणि एप्रिल २०२४ मध्ये भरले. त्यांनी भरले, पण सगळेच भरतात असं नाही, छोट्या कंपन्यांत वॉरंट सोडून दिल्याची फायलिंग्ज शोधलीत तर सापडतील. आणि हे वॉरंट बाकीच्या भागधारकांच्या हिश्श्यावर पाय देऊन येतात. झीमध्ये जुलै २०२५ ला प्रमोटरना वॉरंट द्यायचा ठराव भागधारकांनी पाडला, ७५ टक्के मतं लागतात, साठच्या आसपास मिळाली. म्हणजे प्रमोटर पैसे घालतोय ही बातमी ऐकून भागधारक टाळ्याच वाजवतात असं नाही.

बाजारातून रोख घेतली तरी कारणं वेगवेगळी. ज्याचे शेअर तारण आहेत त्याला भाव एका पातळीखाली गेला की सावकार जास्तीचं तारण मागतो, मग तो माणूस भाव धरून ठेवायला थोडे थोडे घेतो. शेअरहोल्डिंग पॅटर्नमध्ये प्लेजचा, म्हणजे तारणाचा, आकडा वेगळा दिलेला असतो, तो बघितल्याशिवाय खरेदीवर विश्वास ठेवू नका. दुसरं कारण ताब्याचं. २५ ते ७५ टक्क्यांच्या मधे ज्यांचा हिस्सा आहे त्यांना एका आर्थिक वर्षात ५ टक्क्यांपर्यंत ओपन ऑफर (बाकीच्या भागधारकांचे शेअर घ्यायची जाहीर ऑफर) न देता वाढवता येतो, तो कोटा ३१ मार्चला संपतो, त्यामुळे काही घराणी मार्च आला की उरलेला कोटा वापरतात. त्यात भावाबद्दल फारसं मत नसतं, गादी पक्की करायची असते.

निफ्टीवाला_नाना:

ताई, एवढं सगळं मान्य. पण समज तारण नाही, कोटा नाही, ईसॉप नाही, साध्या बाजारातून रोख घेतले. तेव्हा तरी काही कळतं का नाही?

कोथरूडची_सीएस:

कळतं, थोडं. पण काय कळतं ते बघा. तिमाही संपली की ट्रेडिंग विंडो (आतल्या माणसांना व्यवहाराची मुभा असलेला काळ) बंद होते आणि रिझल्ट लागल्यावर ४८ तासांनी उघडते. त्यानंतरही ठरावीक मर्यादेच्या वरचा व्यवहार असला की आतल्या माणसाला माझ्याकडून आधी परवानगी घ्यावी लागते, माझ्याकडे कुठलीही अप्रकाशित माहिती नाही असं लिहून द्यावं लागतं आणि सात ट्रेडिंग दिवसांत व्यवहार उरकावा लागतो. घेतल्यावर सहा महिने उलटा व्यवहार, म्हणजे विक्री, करता येत नाही, केला तर नफा सेबीच्या निधीत जमा.

म्हणजे कायद्यानं चालणारा माणूस जेव्हा घेतो तेव्हा त्याच्याकडे एखादी ठोस बातमी नसतेच, असेल तर त्याला घेताच येत नाही. 'मालकाला पुढची ऑर्डर माहितीय म्हणून घेतोय' हा ॲडमिनचा हिशोब खरा असेल तर तो मालक गुन्हा करतोय आणि वर स्वतःच फॉर्म भरून कळवतोय. जे असतं ते धंद्याचा अंदाज असतो. गिऱ्हाईक किती ताणतंय, कच्चा माल कुठं चाललाय, बाजार आपल्या कंपनीला जरा जास्तच झोडपतोय का. हा अंदाज आपल्यापेक्षा चांगला असणार, पण अंदाजच. आणि बऱ्याच मालकांना आपली कंपनी कायम स्वस्तच वाटते हेही मी रोज बघते 🙂

एडिसनकर:

न्यू जर्सीतून लिहितोय. सुम्याचा मूळ प्रश्न होता कुणी नीट बघितलंय का, तर हो, अमेरिकेत याच्यावर ढीगभर काम झालंय कारण इकडं आकडे १९७० च्या दशकापासूनचे मिळतात. १९३४ च्या कायद्यापासून इथं अधिकारी, डायरेक्टर आणि १० टक्क्यांच्या वरच्या भागधारकांना व्यवहार कळवावे लागतात. पूर्वी पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत मुदत होती, २००२ च्या सारबेन्स-ऑक्सले कायद्यानंतर ती दोन कामकाजाच्या दिवसांवर आली. याला फॉर्म ४ म्हणतात आणि त्यात प्रत्येक व्यवहाराला अक्षराचा कोड असतो, पी म्हणजे रोख खरेदी, एस विक्री, एम म्हणजे ऑप्शन वापरले, ए म्हणजे कंपनीनं दिले. ताई म्हणतात तो कॉलम तोच हा.

लाकोनिशॉक आणि ली या संशोधकांनी १९७५ ते १९९५ चे व्यवहार तपासले, पेपर २००१ चा. त्यांना दिसलं की खरेदीतून पुढच्या परताव्याचा काही अंदाज येतो, विक्रीतून जवळजवळ येत नाही (नाना, तुमच्या ब्रोकर ऑफिसातला अनुभव इथं बसतो). पण गोम अशी की हा परिणाम मुख्यतः छोट्या कंपन्यांत. मोठ्या कंपन्यांवर एवढे लोक डोळे लावून बसलेले असतात की मालकाकडे वेगळं काही उरत नाही. जेंग, मेट्रिक आणि झेकहाउझर यांच्या २००३ च्या अभ्यासात खरेदीवर वर्षाला बाजारापेक्षा ६ टक्क्यांहून जास्त जादा परतावा निघाला, पण तो इन्सायडरना मिळालेला परतावा आहे हे विसरू नका, तुमच्या आमच्यासारख्या उशिरा येणाऱ्यांचा नाही. त्यातला साधारण चौथा हिस्सा पहिल्या पाच दिवसांतच येऊन जातो आणि निम्मा पहिल्या महिन्यात. त्याच्याही आधी, १९८६ मध्ये, सेहून यांनी लिहून ठेवलंय की बाहेरच्यानं जाहीर झालेल्या व्यवहारांची नक्कल केली तर खर्च वजा जाता हाताला फार काही लागत नाही.

माझा आवडता पेपर म्हणजे कोहेन, मॅलॉय आणि पोमोर्स्की, २०१२. त्यांनी सोपी चाळणी लावली. जो इन्सायडर सलग तीन वर्षं त्याच महिन्यात व्यवहार करतो तो ठरीव, म्हणजे बोनस आला की घेतो, फी भरायची आली की विकतो. त्यांच्या व्यवहारांतून काहीच निघालं नाही, शून्य. बाकीच्यांचे, म्हणजे अवचित केलेले व्यवहार वेगळे काढले तर महिन्याला ०.८२ टक्के जादा परतावा दिसला. म्हणजे अर्ध्याहून जास्त व्यवहार नुसता कचरा होता आणि तो झाडून टाकल्यावर खाली काहीतरी सापडलं. सुम्या, तुझ्या मालकाची मागच्या दोन-तीन वर्षांची फायलिंग्ज काढ, तो दर मार्चला घेतोच का ते बघ. दर वर्षी घेत असेल तर यंदाच्या खरेदीला काही अर्थ नाही.

एक गंमत म्हणून सांगतो. ११ फेब्रुवारी २०१६ ला बाजार घाबरलेला असताना जेपी मॉर्गनच्या जेमी डायमननी स्वतःच्या पैशानं ५ लाख शेअर घेतले, अडीच कोटी डॉलरच्या वर, आणि नेमका तोच दिवस बाजाराचा तळ निघाला. इथं त्याला अजून 'डायमन बॉटम' म्हणतात.

शंकेखोर:

आणि जे तळ निघाले नाहीत त्यांना नाव कुणी देत नाही, बरोबर ना?

एडिसनकर, तुमचे पेपर ठीक आहेत पण लोक डायमनची गोष्ट लक्षात ठेवतात आणि एन्रॉनची विसरतात. २६ सप्टेंबर २००१ ला एन्रॉनचे प्रमुख केन ले कर्मचाऱ्यांशी ऑनलाइन गप्पा मारताना सांगत होते शेअर फार स्वस्त आहे, मी स्वतः घेतलेत. घेतले होते खरंच, ४० लाख डॉलरच्या आसपास. त्याच दोन महिन्यांत कंपनीलाच परत विकले होते २ कोटी ४० लाख डॉलरचे, कारण कंपनीकडून घेतलेल्या कर्जाची फेड शेअरमधून केली की ती विक्री लगेच जाहीर करावी लागत नव्हती. डिसेंबरात कंपनी दिवाळखोरीत. ही पळवाट तुमच्या त्या सारबेन्स-ऑक्सलेनं नंतर बुजवली.

आपल्याकडे येस बँक. सप्टेंबर २०१८ मध्ये बँकेचे संस्थापक राणा कपूर ट्विट करून सांगत होते माझे शेअर हिऱ्यासारखे आहेत, विकणार नाही, मुलींना देणार. २०१९ संपायच्या आत जवळजवळ सगळा हिस्सा गेला, त्यात तारणवाल्यांनी विकलेलेही आले, आणि ५ मार्च २०२० ला बँकेवर निर्बंध. मालकाचं तोंड आणि मालकाचं डिमॅट ही दोन वेगळी खाती आहेत.

विक्रीला अर्थ नसतो हेही मी सरसकट मानत नाही. इंडसइंडमध्ये १० मार्च २०२५ ला डेरिव्हेटिव्हच्या हिशोबातली गडबड जाहीर झाली, दुसऱ्या दिवशी शेअर २७ टक्के पडला, आणि मे मध्ये सेबीनं अंतरिम आदेश काढून पाच अधिकाऱ्यांना बाजारातून बाहेर ठेवलं, आरोप असा की बातमी फुटायच्या आधी त्यांनी शेअर विकून जवळपास २० कोटींचा तोटा टाळला. अंतरिम आदेश आहे, शेवटी काय ठरायचं ते ठरेल. पण नाना, हजार कारणांतलं एक कारण हे पण असू शकतं.

आणि प्रमोटर खरेदीचे जे स्क्रीनशॉट फिरतात ते बहुतेक मार्च २०२० चे असतात, बघा म्हणे अमक्या मालकानं घेतले आणि वर्षात दुप्पट झाले. अरे निफ्टीच २३ मार्च २०२० ला ७६१० वर बंद झाला होता आणि वर्षानं १४,८०० च्या आसपास होता. डोळे मिटून इंडेक्स फंड घेतला असता तरी जवळपास तेवढंच मिळालं असतं. मालकाच्या हुशारीतला आणि बाजाराच्या उसळीतला फरक वजा करून दाखवा, मग बोलू.

एडिसनकर:

वजा करूनच ते आकडे आहेत की, जादा परतावा म्हणजे तेच. पण स्क्रीनशॉटबद्दल एकदम सहमत. फक्त एक भर घालतो, मार्च २०२० मध्ये भारतात एवढी प्रमोटर खरेदी दिसायचं एक साधं कारण विंडो हेही होतं. तिसऱ्या तिमाहीचे रिझल्ट फेब्रुवारीत लागून गेलेले, विंडो उघडी, आणि १ एप्रिलला परत बंद होणार. हीच पडझड एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात झाली असती तर बहुतेकांना इच्छा असून हात बांधून बसावं लागलं असतं.

साताऱ्याचा_सुम्या:

बाप रे, एवढं येईल वाटलं नव्हतं. धन्यवाद सगळ्यांना. काल रात्री बसून फायलिंग्ज काढली. ताईंचं खरं निघालं, बायकोच्या नावावरची मोठी नोंद इंटर-से आहे, आणि प्रायव्हेट लिमिटेडवाली पण तसलीच, मालकाकडूनच तिकडं गेलेत. टेलिग्रामवर दोन्ही 'जबरदस्त खरेदी' म्हणून आले होते, आकडा पण तोच 😀 मालकाची स्वतःची मार्केट पर्चेस आहे पण ती १४ लाखांची. आणि एक नाव दिसलं जे ग्रुपवर कधीच आलं नाही, सीएफओनं (कंपनीचे पैशाचे हिशोब बघणारा मुख्य अधिकारी) पण बाजारातून घेतलेत, ११ लाखांचे. तारण शून्य आहे. आता हे चांगलं म्हणायचं का वाईट?

कोथरूडची_सीएस:

आता वार्षिक अहवाल उघड आणि दोघांचा पगार बघ, त्यात दिलेला असतो. मालक वर्षाला तीन-चार कोटी उचलत असेल तर १४ लाख म्हणजे हळदीकुंकवाचा खर्च, तो फॉर्म लोकांनी वाचावा म्हणूनही भरला असेल, १० लाखांची मर्यादा जेमतेम ओलांडणाऱ्या खरेद्या मला नेहमी जरा दिखाऊ वाटतात. सीएफओचं वेगळं. त्याचा पगार साठ-सत्तर लाख असेल तर ११ लाख ही त्याला जाणवणारी रक्कम आहे, त्याची नोकरीही तिथंच आणि आता बचतही तिथंच. मी असते तर मालकाची ओळ सोडून ह्या ओळीवर थांबले असते. त्यानं आधी कधी घेतलेत का तेही बघ.

निफ्टीवाला_नाना:

आणि कितीला घेतले ते बघ रे. फॉर्ममध्ये शेअरची संख्या असते आणि एकूण रक्कम असते, भागाकार केला की सरासरी भाव निघतो. त्याच्यापेक्षा आजचा भाव पंधरा-वीस टक्के वर गेला असेल तर तू त्याच्या मागं नाही, स्वस्तात घेऊन आता माल विकणाऱ्यांच्या पुढं उभा राहतोयस.

साताऱ्याचा_सुम्या:

भागाकार केला नाना. सीएफओची सरासरी आजच्या भावाच्या दोन टक्के वर आहे, म्हणजे तो आत्ता तोट्यात आहे. आणि त्याची आधीची एकही खरेदी सापडत नाही, २०१९ पासूनची फायलिंग्ज बघितली, फक्त ईसॉप आहेत. पगार बघायचा राहिलाय.

शंकेखोर:

पगार बघ, आणि मग ते सगळं बाजूला ठेवून गेल्या चार तिमाहीचं कॅश फ्लो (रोख पैशाची ये-जा) आणि उधारीचे दिवस (गिऱ्हाईकाकडून पैसे यायला लागणारे) पण बघ. तू पहिल्याच ओळीत लिहिलंयस रिझल्ट भारी नाहीत, त्यावर एवढ्या चर्चेत कुणी एक अक्षर बोललेलं नाही, मी धरून.